हँकचा डावा हात

बो किंबल उजव्या हाताचा खेळाडू. १९८९-९० च्या मोसमात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त गुणांची सरासरी त्याचीच होती, सामन्यामागे ३५.३. पण १६ मार्च १९९० ला राष्ट्रीय स्पर्धेत, लाँग बीचच्या कोर्टवर न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध त्याला पहिला फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता मारायचा फटका) मिळाला, तेव्हा रेषेवर उभं राहून त्यानं चेंडू डाव्या हातावर तोलला. बारा दिवसांपूर्वी त्याचा शाळेपासूनचा जोडीदार हँक गॅदर्स खेळता खेळता कोसळला होता आणि पुन्हा उठला नव्हता. हँक फ्री थ्रो डाव्या हातानं मारायचा, म्हणून हा एक फ्री थ्रो त्याच्या हातानं. चेंडू सरळ आत गेला. त्या सामन्यातले पुढचे सगळे फ्री थ्रो किंबलनं नेहमीसारखे उजव्या हातानं घेतले. ही चित्रफीत दर मार्चमध्ये कुणी ना कुणी पुन्हा दाखवतं, लोक पुन्हा हळवे होतात, मीही होतो. पण त्यातली एक गोष्ट मला टोचत राहते. हँककडं दाखवण्यासारखं इतकं काही होतं, आणि मित्रानं त्याच्यासाठी निवडलं काय, तर त्याच्या खेळातली सगळ्यात कच्ची बाजू.

कारण हँकचा डावा हात ही काही त्याची खासियत नव्हती. तो मुळात उजव्या हाताचा. फ्री थ्रोला उजवा हात दगा देऊ लागला, म्हणून त्यानं डावा धरला, आणि तरीही शंभरातले साठ आत जात नव्हते. १९८८-८९ मध्ये याच माणसानं सामन्यामागे ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) काढले. एकाच मोसमात दोन्ही याद्यांत देशात पहिला येणारा पहिल्या श्रेणीच्या इतिहासातला तो दुसराच खेळाडू. त्याआधी विचिटा स्टेटच्या झेवियर मॅकडॅनियलनं १९८५ मध्ये हे केलं होतं. अंगावर चार हात असताना रिंगखाली गुण काढणारा हँक, समोर कुणी नसताना, पंधरा फुटांवरून अडखळायचा. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज गेला तेव्हा लोकांनी दाराबाहेर बॅटी उभ्या केल्या, ‘६३ नाबाद’ लिहिलं. ती त्याच्या खेळाची, त्या दिवशीच्या धावांची आठवण होती. हँकची आठवण मात्र त्याला न जमणाऱ्या गोष्टीवरून निघते.

हात बदलणं म्हणजे काय, ते फ्री थ्रो घेतलेल्याला लगेच कळेल.

रिंग जमिनीपासून दहा फूट वर, तिचा व्यास अठरा इंच, आणि चेंडू साधारण साडेनऊ इंचांचा. म्हणजे वरून उतरणाऱ्या चेंडूला जागा भरपूर असते आणि सपाट येणाऱ्याला फारच थोडी. म्हणून चेंडू उंच कमानीतून जायला हवा. तो तळहातावर टेकत नाही, बोटांच्या पेरांवर बसतो. कोपर चेंडूच्या खाली, रिंगच्या रेषेत. जोर गुडघ्यातून वर येतो, कोपर सरळ होतं, शेवटी मनगट पुढं झुकतं आणि चेंडू उलटा फिरत निघतो. या उलट्या फिरकीमुळं तो रिंगच्या कडेला लागला तरी जोर मरून आत पडण्याची शक्यता राहते. दुसरा हात नुसता बाजूनं आधार देतो आणि सुटण्याच्या क्षणी बाजूला होतो. बिघाड होतो तो बहुधा तीन जागी. आधाराच्या हाताचा अंगठा नकळत ढकलतो आणि चेंडू डावीकडं किंवा उजवीकडं सरकतो. मनगट ताठरतं आणि चेंडू सपाट जाऊन पुढच्या कडेवर आपटतो. किंवा पाय थकलेले असतात, खांद्यानं जोर लावावा लागतो आणि अंतर चुकतं. चालू खेळात या गोष्टींचा विचार करायला वेळच नसतो, शरीर आपलं आपण करतं. फ्री थ्रोला पंच चेंडू हातात देतो, दहा सेकंद असतात, सगळं सभागृह बघत असतं, आणि मन हाताच्या कामात लुडबूड करायला लागतं. उजव्या हातात वर्षानुवर्षांची चुकीची सवय मुरली असेल तर ती दुरुस्त करण्यापेक्षा डाव्याला कोऱ्या पाटीवर शिकवणं कधी कधी सोपं पडतं. डाव्या हाताला जुनी भीती ठाऊक नसते. हँकनं तेच केलं. पण मग उजवा हात आधाराला येतो, तो बलवान असतो आणि त्याला गप्प बसवत नाही. किंबलपुढं तर याहून अवघड काम होतं: ज्या डाव्या हाताला ही सवयच नाही, त्यानं हजारो लोकांसमोर, घशात आवंढा असताना, हा फ्री थ्रो मारायचा. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यातला पहिला फ्री थ्रो त्यानं असाच घेतला. एकही चुकला नाही.

हँक खरा दिसायचा तो रिंगखाली. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे त्या जागेवर खेळणाऱ्यांत तो उंच नव्हताच. त्याच्याहून चार-पाच इंच उंच मुलं त्याच्या अंगावर असायची. रिबाउंड उंचीवर मिळतो असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. तो मिळतो जागेवर आणि दुसऱ्या उडीवर. कोपऱ्यातून मारलेला चेंडू चुकला तर तो बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. लांबून मारलेला चुकला तर लांबच उसळतो. चेंडू हातातून सुटला की हँक त्याच्याकडं बघत उभा राहायचा नाही, तो पडण्याच्या जागेकडं निघायचा, आणि कंबर-पाठ लावून मागच्याला तिथून हलू द्यायचा नाही. त्यानंतर ती दुसरी उडी. उंच खेळाडू एकदा उडी मारून खाली आला की पुन्हा वर जायला त्याला गुडघे वाकवावे लागतात, हात खालून वर आणावे लागतात. हँक खाली टेकला की लगेच पुन्हा हवेत असायचा. स्वतःचा चुकलेला चेंडू स्वतःच घ्यायचा, पुन्हा मारायचा, पुन्हा चुकला तर पुन्हा. त्याच्या गुणांतले कितीतरी गुण असे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे आहेत. याला देखणा खेळ म्हणणार नाही कुणी. मला तो देखणा वाटतो.

हँक आणि बो दोघंही उत्तर फिलाडेल्फियाचे. हँक रेमंड रोझन या सरकारी वसाहतीत वाढला. पुढं ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली डॉन स्टेली त्याच वसाहतीतली. डॉबिन्स शाळेकडून खेळताना १९८५ मध्ये दोघांनी शहराच्या सरकारी शाळांची स्पर्धा जिंकली, आणि दोघं मिळूनच लॉस एंजेलिसला यूएससी या विद्यापीठात गेले. पहिल्याच वर्षानंतर तिथला प्रशिक्षक बदलला, यांचं बिनसलं, आणि दोघांनी पुन्हा मिळूनच कॉलेज बदललं. नियमाप्रमाणं एक वर्ष बाहेर बसले. नवं कॉलेज होतं लॉयोला मेरीमाउंट, त्याच शहरातलं एक लहानसं कॅथलिक विद्यापीठ. त्यांचं गर्स्टन पॅव्हिलियन जेमतेम चार हजार माणसांचं. तिथं त्यांना पॉल वेस्टहेड भेटले: १९८० मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्सला विजेतेपद मिळवून दिलेले, फिलाडेल्फियाच्याच कॉलेजात पूर्वी प्रशिक्षक असलेले, शेक्सपिअर शिकवणारे गृहस्थ.

वेस्टहेड यांच्या पद्धतीला सगळे नुसतं ‘सिस्टिम’ म्हणायचे. तिची मूळ कल्पना साधी. त्या काळी कॉलेजच्या सामन्यात बास्केट मारायला ४५ सेकंद मिळायची. यांनी ठरवलं, सातच्या आत मारायचं. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या जाळीतून खाली पडला रे पडला की एक उंच खेळाडू तो उचलून बाहेरच्या रेषेवरून आत फेकणार. गार्ड तो धावता धावता घेणार आणि मधून पुढं काढणार. दोघं दोन्ही बाजूच्या रेषा धरून जीव खाऊन पळणार, थेट पलीकडच्या कोपऱ्यांत. दुसरा उंच खेळाडू सरळ रिंगखाली. चेंडू फेकणारा मागून शेवटी येणार. पाच जणांच्या पाच वाटा ठरलेल्या, पुढं काय चाललंय ते बघून वाट बदलायची नाही. सगळा जोर या न बदलण्यावर आहे. खेळाडू आपल्या वाटेवर अर्धा सेकंद रेंगाळला, ‘चेंडू येतोय का’ म्हणून मागं वळून बघितलं, की गार्डचा पास मोकळ्या जागेत जातो आणि सगळं फसतं. बास्केट झाली की लगेच संपूर्ण कोर्टवर प्रेस, म्हणजे अंगावर जाऊन समोरच्यांनाही पळायला लावायचं. त्यांनी सोपी बास्केट मारली तरी चालेल, दम त्यांचाच आधी सुटतो. १९८९-९० मध्ये लॉयोलाची सरासरी होती १२२.४ गुण. असा आकडा पहिल्या श्रेणीत आधी कुणी गाठला नव्हता. समोरचे संघही शंभरापलीकडं जायचे, त्याची यांना पर्वा नव्हती. ही पद्धत चालायला एक माणूस असा लागतो, जो चाळीस मिनिटं रिंग ते रिंग पळूनही शेवटच्या मिनिटाला पहिल्या मिनिटाइतकाच उडी मारेल. तो माणूस हँक.

इथंच सगळं येऊन अडतं.

९ डिसेंबर १९८९ ला गर्स्टनवरच, सांता बार्बराविरुद्ध, हँक पहिल्यांदा कोसळला. कुठं, तर फ्री थ्रोच्या रेषेवर. तपासण्या झाल्या. जोराच्या श्रमात त्याच्या हृदयाचे ठोके बिघडतात असं निघालं आणि इंडेरल सुरू झालं, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, बीटा-ब्लॉकर. काही आठवड्यांत तो परत खेळायला लागला. हे औषध काय करतं ते समजून घेतलं की त्याच्या मनाची ओढाताण कळते. पळताना अ‍ॅड्रिनलीन हृदयाला सांगत असतं, जोरात चल, घट्ट आवळ. बीटा-ब्लॉकर ती सांगणारी वाटच अडवतो. तेविशीतला धट्टाकट्टा खेळाडू पूर्ण जोरात असताना ठोके मिनिटाला १९०-२०० पर्यंत चढतात. औषधावर ते तिथवर जाऊच शकत नाहीत. बिघडलेल्या हृदयाला याची गरज असते, कारण तीच चढण त्याला धोक्याच्या कडेला नेते. पण रोज सातव्या सेकंदाला पलीकडच्या रिंगखाली असणाऱ्याला काय जाणवतं? पाय जड. दम लवकर लागणं. आपण आपले राहिलो नाही, ही भावना. परतल्यावर हँकचा खेळ मंदावला होता, तो स्वतः तसं म्हणत होता, आणि डोस टप्प्याटप्प्यानं कमी होत गेला. जून महिन्यात एनबीएची निवड होती. वसाहतीतल्या घरातून निघालेल्या मुलाला त्या एका दिवशी अख्ख्या कुटुंबाचं आयुष्य बदलता येणार होतं. हे सगळं एका पारड्यात आणि एक न दिसणारा, न दुखणारा आजार दुसऱ्यात. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, तडजोडी झाल्या. दोष कुणाचा यावर चाहते आजही भांडतात. मला त्या भांडणात भाग घ्यावासा वाटत नाही. हळू खेळणारा हँक बघायला आपल्यालाही आवडलं नसतं, हे मात्र मनातून जात नाही. औषध कमी झाल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखा उडाला, तेव्हा गर्स्टनवर जल्लोषच झाला होता.

४ मार्च १९९०, रविवार. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर पोर्टलंड, मैदान घरचं. टेरेल लाउरीनं रिंगजवळ उंच उडवलेला चेंडू हँकनं हवेतच पकडला आणि तसाच डंक केला. २५-१३. सगळं सभागृह उभं. हँक प्रेससाठी मागं मध्यरेषेकडं आला आणि खाली पडला. उठायचा प्रयत्न केला, हातांवर थोडा वर आला, पुन्हा पडला. पोर्टलंडच्या संघात तेव्हा एरिक स्पोलस्ट्रा नावाचा गार्ड होता, पुढं मायामी हीटचा प्रशिक्षक झालेला. त्यानं हे काही फुटांवरून पाहिलं. हँकची आई लुसिल प्रेक्षकांत होती. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. वय २३. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला.

अशा वेळी हृदय ‘थांबतं’ म्हणतात, पण सुरुवातीला ते थांबलेलं नसतं, ते थरथरत असतं. विजेचे संदेश सैरभैर होतात, खालचे दोन्ही कप्पे एकत्र आवळण्याऐवजी नुसते वळवळतात आणि रक्त पुढं जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. आजूबाजूच्यांची चूक होते ती नेमकी इथं. पडलेल्याचे हातपाय झटके देतात, म्हणून फिट आली असं वाटतं. तोंडानं अधूनमधून घरघरल्यासारखा श्वास येतो, म्हणून वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. खेळताना कुणाचा धक्का न लागता एखादा कोसळला आणि हाक मारून प्रतिसाद देत नसेल, तर हृदयच गेलंय असं धरून चालायचं. एकानं रुग्णवाहिका बोलवायची, आपल्याकडं १०८. दुसऱ्यानं एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र, आणायला धावायचं. तिसऱ्यानं तिथंच, त्याच फरशीवर, छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेले हात खोल दाबत नाहीत आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. एईडीची एक पट्टी उजव्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बाजूला. खेळाडू घामानं निथळत असतो आणि ओल्या अंगावर पट्टी चिकटत नाही, म्हणून आधी टॉवेलनं कोरडं पुसायचं. पेटीत टॉवेल ठेवायचं हमखास राहून जातं. धक्का दिला की नाडी शोधत बसायचं नाही, लगेच पुन्हा दाबायचं. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्या दिवशी गर्स्टनमध्ये धक्का देणारं यंत्र होतं, डिसेंबरच्या प्रसंगानंतर आणून ठेवलेलं. पण हँकला आधी उचलून बाहेर नेलं गेलं. तेव्हा अशा प्रसंगात काय करायचं ते कुणाच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं, हे मान्य आहे. तरी ती मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

कॉन्फरन्सची स्पर्धा तिथंच थांबवली. साखळीतले विजेते म्हणून लॉयोलाला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली, विभागात अकरावं मानांकन. पुढं जे झालं ते बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भराभर: न्यू मेक्सिको स्टेटवर १११-९२, त्यात किंबलचे ४५. मग गतविजेता मिशिगन. १४९-११५. जेफ फ्रायरनं एकट्यानं अकरा थ्री-पॉइंटर मारले. राष्ट्रीय स्पर्धेत एका सामन्यात इतके तोवर कुणी मारले नव्हते. त्यानंतर अलाबामा, आणि हा सामना मला त्या सगळ्यांत मोठा वाटतो. अलाबामानं पळायला साफ नकार दिला. चेंडू धरून ठेवायचा, ४५ सेकंदांतली चाळीस घालवायची. सरासरी १२२ गुणांचा संघ त्या दिवशी ६२ वर आला, आणि ६२-६० नं जिंकला. आवडता खेळ काढून घेतल्यावरही ती मुलं मोडली नाहीत. शेवटी ओकलंडला लास वेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठानं १३१-१०१ असं हरवलं. तो संघ पुढं अंतिम सामन्यात ड्यूकला तीस गुणांनी हरवून विजेता झाला, त्यामुळं त्या हरण्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. त्याही सामन्यात किंबलचा पहिला फ्री थ्रो डाव्या हाताचा होता, आणि आत गेला.

किंबलनं दुसरं काही निवडलं असतं, तर ते हँकच्या ताकदीचं कौतुक झालं असतं. ते आम्ही चाहते करत होतोच. पण सरावानंतर रिकाम्या सभागृहात एखाद्याला पुन्हा पुन्हा चुकताना बघणारा मित्र एखादाच असतो. हँकला काय छळायचं ते किंबलला ठाऊक होतं, आणि ते काम त्यानं स्वतःकडं घेतलं. पुढं त्यानं ‘फॉर्टी-फोर फॉर लाइफ’ नावाची संस्था काढली, ४४ हा हँकचा क्रमांक. छाती कशी दाबायची आणि एईडी कसं वापरायचं, ते लोकांपर्यंत नेण्यासाठी. तेही तसंच: ज्या जागी हँक हरला, तिथं जाऊन उभं राहायचं. गर्स्टनला लोक आता ‘हँक्स हाउस’ म्हणतात. ४४ आणि किंबलचा ३० हे दोन्ही क्रमांक कॉलेजनं कायमचे बाजूला ठेवलेत. २९ फेब्रुवारी २०२० ला सभागृहाबाहेर हँकचा पुतळा उभा राहिला, तेव्हा जमलेल्यांतले कित्येक जण त्याचा सामना प्रत्यक्ष पाहून म्हातारे झालेले होते, आणि कित्येक तो गेल्यानंतर जन्मलेले.

या नव्या मुलांबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्यांनी हँकला बहुतेक वेळा पडतानाच पाहिलेलं असतं. त्या पंधरा सेकंदांच्या तुकड्यापेक्षा ३ फेब्रुवारी १९९० चा लुइझियाना स्टेटविरुद्धचा (एलएसयू) सामना काढून बघा. बॅटन रूजचं प्रचंड सभागृह, समोर शकील ओनील आणि स्टॅन्ली रॉबर्ट्स, दोघंही सात फुटी. ओनीलनं त्या दिवशी बारा फटके अडवले. हँक रिंगखाली जातो, ओनील चेंडू तडकावतो. हँक पुन्हा जातो, पुन्हा तडका. दुसरा एखादा थोडा लांबून मारायला लागला असता. हँक खांदा आणखी आत घालतो, चेंडू थोडा उशिरा सोडतो, चुकला तर दुसऱ्या उडीत परत घेतो. जादा वेळेत एलएसयूनं तो सामना १४८-१४१ असा जिंकला. हँकचे गुण ४८, रिबाउंड १३. आणि फ्री थ्रोच्या वेळी जागेवरून उठू नका. तो रेषेवर येतो, चेंडू डाव्या हातात घेतो, आणि लक्ष देऊन मारतो.